नाना पीत नव्हते

सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत पगाराच्या दिवशी संध्याकाळी घरी परतणाऱ्या प्रत्येक पुरुषाला आधी नानांच्या समोरून जावं लागे. गल्लीच्या तोंडाशी पाण्याची टाकी होती आणि टाकीला लागून एक दगडी पायरी. दिवसपाळी संपवून आलेले नाना हातपाय धुऊन, धुतलेला पांढरा सदरा घालून त्या पायरीवर बसत. येणाऱ्यांपैकी एखादा जरा जास्तच सरळ चालताना दिसला की ते उठत. जास्त सरळ चालतो तो प्यालेला, असं त्यांचं ठाम मत होतं.

"काय भो, आज लई सरळ चाली ऱ्हायना तू," असं म्हणत ते त्याच्या छातीला हात लावून त्याला थांबवत. "हा कर."

मग त्याने तोंड उघडून श्वास सोडायचा आणि नानांनी वास घ्यायचा. वास आला नाही तर पाठीवर थाप पडे, "जा, घरी जा, पोरं वाट पाहू राहिले." आला तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा उद्धार. नानांचा आवाज मुळातच मोठा. लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, आयुष्य काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. यंत्रांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागते, ती घरीही सुटत नाही. नानांनी बायकोला, शांताकाकूंना, मीठ मागितलं तरी ते शेजारच्या मला कळायचं.

मी तेव्हा महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते आणि नानांच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात भाड्याने राहत होते. ते मला 'बाई' म्हणत. वयाने वडिलांच्या जवळपास, पण शाळेतली बाई म्हणून कधी एकेरी बोलले नाहीत. नाव नथू सोनवणे. गाव अमळनेरकडचं. सुरतेत आले तेव्हा मिसरूड फुटत होतं, आणि मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ते पंचेचाळिशीच्या आसपास होते. अंगाने भरलेले, मानेवर वळी, बशीत चहा ओतून फुर्र करून पिणारे. चहात साखर इतकी की तळाला उरलेली ते बोटाने चाटत. "एवढं एकच व्यसन शे बाई आपलं," असं हसून सांगत.

दारूवर त्यांचा एवढा राग का, हे गल्लीतल्या जुन्या माणसांना माहीत होतं. मला शांताकाकूंनी सांगितलं. नानांचा धाकटा भाऊ भिका त्यांच्यापाठोपाठ सुरतेला आला, त्यांच्याच खात्यात लागला आणि प्यायला लागला. गुजरातेत दारूबंदी. म्हणजे मिळायची ती चोरून, प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून. पोटली म्हणत तिला. तिच्यात काय असेल याचा भरवसा नाही. भिकाच्या पोटलीत लठ्ठा, म्हणजे विषारी दारू, निघाला आणि तो गेला. नाना स्वतः त्या दिवसाबद्दल माझ्याशी एकदाच बोलले.

"माझ्या मांडीवर होता," ते म्हणाले. "म्हणे, नाना, दिवा लाव, काही दिसत नाही. अन् दुपार होती, बाई. भर दुपार."

त्यानंतर नानांनी गल्लीतल्या माणसांकडून शपथा घ्यायला सुरुवात केली. देवाची शपथ ते घेत नसत. देव माफ करतो, असं म्हणायचे. ताटात भाकरी ठेवायची, तिच्यावर उजवा हात ठेवायला लावायचा आणि म्हणवून घ्यायचं की पुन्हा प्यालो तर ही भाकरी मला लागू नये. बायका नवऱ्यांना हाताला धरून नानांकडे घेऊन येत. कितीतरी घरं त्यामुळे सावरली, हे खरं आहे. पण नानांच्या भलेपणात माया कमी आणि कडकपणा जास्त होता, हेही खरं. शपथ मोडणाऱ्याला त्यांच्याकडे जागा नव्हती.

गोपाळची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारा, हातमागाच्या घराण्यातला हुशार कारागीर. भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली आणि महिन्याभरात पिऊन गटाराच्या कडेला पडला. अर्धं अंग गटारात. त्याची बायको त्याला ओढायला धावली, दोघे-तिघे पुढे झाले, तर नाना मध्ये उभे राहिले.

"पडू द्या," ते म्हणाले. "कोणी हात लावायचा नाही. पडला म्हणजे कळंल."

सकाळी पडलेला गोपाळ ऊन डोक्यावर येईपर्यंत तसाच होता. तोंडावर माशा. शाळेत जाणारी पोरं त्याला वळसा घालून गेली. त्याची बायको उंबऱ्यावर पदर तोंडात कोंबून बसली होती आणि नाना टाकीजवळ पहारा दिल्यासारखे उभे. मी म्हटलं, "नाना, निदान सावलीत तरी..." ते म्हणाले, "बाई, तुम्ही पोरांले छडी मारता ना? ही माझी छडी."

गोपाळ त्यानंतर बरेच दिवस प्यायला नाही. पण नानांशी बोललाही नाही.

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी नाना वाळायला लागले. त्या दिवसांत सगळं शहर झाडून निघत होतं, रस्ते रुंद होत होते, आणि आमच्या शेजारी एक धडधाकट माणूस हळूहळू कपड्यांत मावेनासा झाला होता, उलट्या अर्थाने. लेंग्याची नाडी दोनदा गुंडाळून बांधावी लागे. तहान अशी की शांताकाकू उशाशी हंडा ठेवायला लागल्या. खात्यात सारखं लघवीला जावं लागे आणि तेवढ्यात मागे चालत्या लूमचा धागा तुटे. पुढे पुढे तर समोर उभे असतानाही तुटलेला धागा दिसेना. एकाचे दोन धागे दिसायचे. ताग्यामागून तागा खराब निघायला लागला.

नाना रात्री लघवीला जात त्या मोरीशी काकूंनी एके दिवशी मला नेऊन दाखवलं. मोरीच्या कडेने काळ्या मुंग्यांची रांग लागली होती.

"गूळ सांडलेला नाही, काही नाही," त्या म्हणाल्या. "बाई, हे काय असंल?"

मला थोडीफार कल्पना आली. मीच नानांना डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे काय झालं ते नानांनी टाकीजवळ उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं, त्यांच्या नेहमीच्या आवाजात.

"डॉक्टर म्हणे, डायाबिटीस छे. मी म्हटलं, साहेब, मी तर पीत नाही. डॉक्टर म्हणे, मी कुठं विचारलं?"

लोक हसले. नानाही हसले. पण मला वाटतं, तो प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता. पिणाऱ्यांचं शरीर नासतं, न पिणाऱ्यांचं टिकतं, या हिशोबावर त्यांचं सगळं उभं होतं. तो असा चुकला कसा, हे त्यांना कळेना. गोपाळ पाठीमागे कुणाला तरी म्हणाला, ते त्यांच्या कानावर गेलंच. "आम्ही पिऊन धडधाकट, अन् नाना न पिता वाळले."

डॉक्टरांनी साखर सोडायला सांगितली, चालायला सांगितलं, रोज घ्यायची एक पांढरी गोळी दिली. त्याच संध्याकाळी नानांनी काकूंना ताट मांडायला लावलं. भाकरी ठेवली, तिच्यावर स्वतःचा हात ठेवला आणि शपथ घेतली. साखरेचा कण जिभेला लावणार नाही. काकू म्हणत होत्या, "अहो, औषध घ्या, पथ्य करा, शपथ कशाले?" नाना म्हणाले, "दुसऱ्यांची सोडवतो, मग माझी मला सुटू नये?"

आणि सुटली. बिनसाखरेचा चहा त्यांनी पहिल्या दिवसापासून प्यायला, तोंड वाकडं न करता. पहाटे उठून ते कालव्याच्या रस्त्याने लांबवर चालून येत. गोळी ठरल्या वेळेला म्हणजे वेळेला. जेवण मागेपुढे होई, गोळी कधी नाही. पथ्य न पाळणारे रोगी पुष्कळ पाहिले. नानांसारखा पथ्य पाळणारा मी पाहिला नाही, आणि त्यांच्या बाबतीत नेमकं तेच वाईट ठरलं.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, काकूंनी मला जेवायला बोलावलं होतं. खानदेशी घरात आखाजी म्हणजे आंब्याचा रस आणि पुरणाचे मांडे. लग्न झालेली लेकही आली होती. नाना सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होते. वाटी अर्धी झाली की रस पुन्हा ओतत. स्वतःच्या ताटात अर्धी भाकरी आणि भेंडी. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं तर तिच्यावर ओरडले, "रडायला कोणी मेलं का इथं?" जेवणं झाल्यावर मी हात धुवायला मागे गेले. नाना मोरीवर बसले होते आणि हातांना राख लावून घासत होते. धूत होते, हुंगत होते, पुन्हा राख घेत होते. मला पाहून थांबले.

"रसाचा वास जात नाही, बाई," ते म्हणाले. त्या वेळी त्यांचा आवाज हळू होता. मी ऐकलेला पहिल्यांदाच.

मग एकदा कुणीतरी त्यांना सांगितलं की भाकरीचीही पोटात गेल्यावर साखरच होते. त्यांनी येऊन मला विचारलं, "खरं शे का?" मी म्हटलं, "खरं आहे नाना, पण म्हणून भाकरी सोडायची नसते." ते विचारात पडून गेले. दुसऱ्या दिवसापासून अर्धी भाकरी पाव झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळी घेतली की जेवायचं. नानांनी त्यातलं निम्मंच घेतलं होतं. गोळी म्हणजे पुण्य, जेवण म्हणजे मोह. काकूंनी विनवण्या केल्या, भांडल्या. नाना म्हणत, "पिणारा असंच म्हणतो, थोडीशीच घेतो."

पहिल्यांदा झालं ते खात्यात. दुपारच्या सुमारास नाना दोन लूमच्या मधल्या वाटेत झोकांड्या खायला लागले. अंगाला घाम सुटला होता. जवळच्या कारागिराने धरलं तर त्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. नानांच्या तोंडून शिवी कोणी ऐकली नव्हती. मग ते हसायला लागले, मग भिंतीला टेकून बसले आणि जीभ जड होऊन काहीतरी बरळायला लागले. सगळ्या खात्याने तेच ओळखलं जे कुणीही ओळखलं असतं. नाना पिऊन आले.

त्या कारागिराने त्यांना रिक्षात घालून घरी आणलं. मी नुकतीच शाळेतून आले होते. रिक्षा थांबली, नाना उतरता उतरता पडले आणि गल्लीतली सगळी दारं उघडली. काकू धावल्या, त्यांना खांद्याला धरून ओसरीवर बसवलं. आणि मग काकूंनी एक गोष्ट केली. त्यांचं तोंड पुसायचं निमित्त करून त्या वाकल्या आणि त्यांनी नानांच्या तोंडाचा वास घेतला.

क्षणभरच. पण नाना तेवढ्यापुरते शुद्धीवर असावेत. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"मी पेयेल नही शे," ते म्हणाले. "शांते, मी पेयेल नही शे."

नाक्यावरचे डॉक्टर आले. पाहताक्षणी म्हणाले, साखर उतरली आहे, आधी साखरेचं पाणी पाजा. काकूंनी पेला तोंडाला लावला तर नानांनी दात आवळले. सगळं पाणी गालांवरून सदऱ्यावर. "शपथ... शपथ शे माले," एवढंच दातांतून येई. गोपाळ बघ्यांमध्ये उभा होता, त्यानेच पुढे होऊन त्यांचे हात धरले. डॉक्टरांनी शेवटी शिरेतून इंजेक्शन दिलं. आणि आमच्या डोळ्यांसमोर नाना परत आले. पाण्याखालून वर यावं तसे. डोळे स्थिर झाले, जीभ हलकी झाली. इकडेतिकडे पाहिलं, एवढी गर्दी पाहिली, आपले हात कोणी धरलेत ते पाहिलं.

"काय झायं?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी त्यांना पुष्कळ समजावलं. साखर जास्त झाली तर माणूस वर्षांनी मरतो, कमी झाली तर तासात मरतो. घाम सुटला, हात थरथरले की लगेच साखर खायची. त्या वेळी तेच औषध. खिशात सतत ठेवायची. गोळी त्यांनी अर्धी केली. काकूंनी प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत साखर घालून, वर गाठ मारून ती नानांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. नानांनी ती काढून हातावर धरली आणि मला दाखवली.

"बघा बाई. माझ्या खिशात पोटली."

मी म्हटलं, "नाना, साखर तुमची दारू नाही. औषध आहे."

"पिणारे बी औषधच म्हणता," ते म्हणाले. मग रस्त्याकडे बघत, "ती बी वास घेती झाली, बाई. आमची ही. एवढी वर्षं संसार केला."

मी काकूंची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतलं. काकूंना मात्र त्यांनी याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही, हे मला काकूंनीच सांगितलं. "विचारलं असतं तर पाय तरी धरले असते," असं म्हणाल्या.

त्यानंतर पगाराच्या संध्याकाळी टाकीजवळची पायरी रिकामी राहायला लागली. नानांना कोणी मनाई केली नव्हती. ते येईनासे झाले. गल्लीतल्या बहुतेकांना खरं काय ते कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि डोळ्यांनी पाहिलेलं विसरणं वेगळं.

खात्यात शेठने त्यांना बोलावून घेतलं. शेठ भला माणूस होता. नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नाना, होता है. घर में टेंशन हो तो आदमी कभी पी लेता है. मैंने किसी को कुछ नहीं बोला." नानांनी सांगितलं की मला हा रोग आहे, गोळीने असं होतं. शेठ म्हणाला, "हाँ हाँ, ठीक छे." त्या 'ठीक छे'वर नानांनी नोकरी सोडली. शेठने काढलं असतं तर ते भांडले असते. न केलेल्या गोष्टीची माफी त्यांना सोसली नाही.

या वयात, दुबळ्या नजरेने दुसरं काम मिळालं ते पलसाण्याकडे, हायवेवरच्या एका डाइंग मिलमध्ये. रंगवून आलेल्या कापडाच्या घड्या घालायचं. घरापासून लांब. पहाटे निघायचं, एक टेम्पो गाठायचा, मग दुसरा. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं, आणि त्यांना नेमकं तेच हवं होतं. काकूंनी जेवणाचा डबा द्यावा, तो अर्धा परत यावा. विचारलं तर म्हणत, "तिथं गरम फार होतं, जेवण जात नाही." रंगाच्या वाफेत दिवसभर उभं राहून माणसाची भूक जाते, हे खरंही असेल. पण गोळी चालूच होती. अर्धी सांगितलेली ते पुन्हा पूर्ण घ्यायला लागले होते, हे नंतर कळलं. काकूंपासून लपवून घेत. पिणारे लपवून पितात तशी.

त्या दिवशी दुपारी शाळेत निरोप आला. काकू दारात उभ्या होत्या, चप्पल न घालता आलेल्या. कुणीतरी मिलमधून नाक्यावरच्या दुकानात फोन केला होता की नानांना पोलीस घेऊन गेले. "बाई, तुम्हाले गुजराती येतं, चला," एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही रिक्षा केली. हायवेला लागलो. मग काकू म्हणाल्या, "सकाळी डबा विसरून गेले. मी मागून पळाले, पण टेम्पो निघून गेलता."

चौकी म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीत एका बाकाखाली नाना कुशीवर पडले होते. तोंडाला फेस, सदरा घामाने भिजून वाळलेला. त्यांच्या शेजारी आणखी एक माणूस झोपला होता, त्याचा मात्र वास येत होता. हवालदार खुर्चीत बसून चहा पीत होता.

"पीधेलो छे, बेन," तो मला म्हणाला, अगदी साध्या आवाजात. "सूवा दो. सांजे ऊतरी जशे." झोपू द्या, संध्याकाळी उतरेल.

मी म्हटलं, प्यालेले नाहीत, त्यांना डायाबिटीस आहे. तो म्हणाला, वास येत नाही हे खरं, मग गोळी खाल्ली असेल कसली तरी, हल्ली पुष्कळ खातात. सकाळी रस्त्यावर पडले होते म्हणे. लोक वळसा घालून जात होते. एका ट्रकवाल्याने सांगितलं म्हणून यांनी उचलून आणलं. उचलताना शिव्या देत होते, हात झटकत होते. मग शांत झाले. "पछी ऊंघी गया," हवालदार म्हणाला. मग झोपले.

तो वाईट माणूस नव्हता. नानांना त्याने सावलीत ठेवलं होतं, डोक्याखाली चपला दिल्या होत्या. मी ओरडायला लागल्यावर घाबरला आणि स्वतः त्यांना रिक्षात घालायला आला. उचलताना काकूंनी त्यांचा खिसा चाचपला. साखरेची पिशवी खिशातच होती. गाठ तशीच. त्यांना ती सोडायची शुद्ध राहिली नव्हती, की शुद्ध असूनही त्यांनी सोडली नाही, हे कळायला आता मार्ग नाही. काकूंनी रिक्षात ती दातांनी फाडली आणि साखर नानांच्या ओठांवर, हिरड्यांवर चोळत राहिल्या. या वेळी नानांनी दात आवळले नाहीत. ती तशीच हनुवटीवरून सांडत राहिली.

दवाखान्यात त्यांना शिरेतून साखर दिली, पण मागच्यासारखे ते वर आले नाहीत. बरेच दिवस बेशुद्ध होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मेंदूला खूप वेळ साखर मिळाली नाही. जगतील. पण किती परत येतील, सांगता येत नाही.

परत आले ते थोडे. काकूंना ओळखत, लेकीला ओळखत, बाकीची माणसं कधी ओळखीची वाटत, कधी नाही. बोटं कापडाच्या घड्या घालत असल्यासारखी चादरीवर फिरत. जेवायला वाढलं की जेवत, वाढायचं थांबलं की थांबत. कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नसत. काकूंनी साखर घातलेला चहा दिला तरी पीत, कडू काढा दिला तरी पीत. सगळ्यात वाईट वाटे ते त्यांच्या आवाजाचं. भिंतीपलीकडून आता काहीच ऐकू येत नसे.

दुपारी काकू साड्यांचे धागे कापायचं काम घेऊन ओसरीवर बसत आणि नानांना शेजारी बसवत. त्यांचं लक्ष चुकवून ते कधी टाकीपर्यंत जात. असेच एकदा गेलेले असताना तिथे गोपाळ आणि आणखी दोघे-तिघे उभे होते. मी घरातून कपडे वाळत घालायला बाहेर आले होते. गोपाळ थोडा प्यालेला होता. नाना समोर येऊन उभे राहिल्यावर तो एकदम म्हणाला, "नाना, हा करा."

नानांनी तोंड उघडलं आणि श्वास सोडला.

कोणीतरी हसलं. दुसरा म्हणाला, "माले बी, नाना." नाना त्याच्याकडे वळले आणि त्याच्यासमोरही तोंड उघडलं. मग तिसऱ्यासमोर. फार मन लावून करत होते, डॉक्टरांसमोर करावं तसं. गोपाळ हसत नव्हता. त्याने मान खाली घातली होती. "पुरे, नाना," तो म्हणाला, "पुरे आता." पण नाना पुन्हा त्याच्यापुढे येऊन उभे राहिले आणि पुन्हा श्वास सोडला.

काकू आल्या. नानांचं मनगट धरून त्यांना घरी नेलं, बसवलं, आणि माझ्या दारात आल्या.

"बाई, एक पाटी लिहून द्या," त्या म्हणाल्या. "गळ्यात घालता येईल अशी. गुजरातीत बी लिहा, मराठीत बी, हिंदीत बी."

"काय लिहू?"

"लिहा, याले डायाबिटीस आहे. पडला तर दवाखान्यात न्या." मग म्हणाल्या, "अन् लिहा, हा माणूस प्यालेला नाही."

मी जाड पुठ्ठा कापला. शाळेतल्या फळ्यावर लिहितात तशा मोठ्या, सुट्या अक्षरांत तिन्ही भाषांत लिहिलं. पावसाने पुसलं जाऊ नये म्हणून वरून प्लॅस्टिक शिवलं, नाडी ओवली. नानांना ती पाटी आवडली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सदऱ्यातून काढून दाखवत. भाजीवाल्याला, पोस्टमनला, शाळेच्या पोरांना. वाचणारा पूर्ण वाचेपर्यंत ते त्याच्या डोळ्यांकडे बघत राहत.

सुरतेत राहणं काकूंना झेपेना. नानांच्या थोरल्या भावाने गावी बोलावलं. मी त्यांना पोहोचवायला उधना स्टेशनवर गेले. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीला नेहमीप्रमाणे गर्दी होती. गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, मांडीवर झोपलेली लेकरं. काकूंनी नानांना खिडकीशी बसवलं आणि सामान लावायला आत वळल्या. मी बाहेर खिडकीजवळ उभी राहिले. म्हटलं, "नाना, येते मी. तब्येत सांभाळा. काकूंना त्रास देऊ नका."

ते माझ्याकडे बघत होते. मी कोण ते त्यांना उमगत नव्हतं, हे मला दिसत होतं. परक्या बाईने आपल्याशी असं काय बोलावं, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग त्यांनी सदऱ्यात हात घातला, पाटी बाहेर काढली आणि खिडकीच्या गजांतून माझ्यासमोर धरली.

माझंच अक्षर. मी ते पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, कारण ते माझ्या डोळ्यांकडे बघत होते. गुजराती वाचलं, हिंदी वाचलं, मग मराठी. सावकाश, एक ओळही न गाळता. वाचून झाल्यावर मी त्यांच्याकडे पाहून मान हलवली.

तेव्हा त्यांनी ती परत सदऱ्यात ठेवली आणि पुढे प्लॅटफॉर्मवरून येणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे बघायला लागले.